क्वार्ट्झ घड्याळाच्या सेटिंग यंत्रणेची फेरजोडणी : एका घड्याळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरीतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ऐन जुलैमध्ये एक निवृत्त शिक्षिका आपल्या दिवंगत यजमानांचे मनगटी घड्याळ घेऊन आल्या. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्यांना केवळ बाई म्हटले आहे, आणि घड्याळाच्या कंपनीचे नावही दिलेले नाही. घड्याळ 1990च्या दशकातले, स्टीलच्या केसचे (म्हणजे बाहेरच्या कवचाचे), तीन काट्यांचे आणि तीनच्या जागी तारीख दाखवणारे होते. आत जपानी बनावटीचे क्वार्ट्झ मशीन होते. (आमच्या धंद्यात मूव्हमेंटला मशीन, क्राउनला चावी आणि चावी ज्या सळईवर बसते तिला दांडी म्हणतात; चावी ओढून वेळ आणि तारीख लावणारे भाग म्हणजे सेटिंग यंत्रणा. पुढेही हेच शब्द वापरले आहेत.) त्याला लागणारा सेल 626 क्रमांकाचा, म्हणजे 6.8 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.6 मिलिमीटर जाडीचा, बहुतेक तीन काट्यांच्या घड्याळांत असतो तोच.

यजमान गेल्यानंतर बाईंनी घड्याळ कपाटात ठेवले होते. सेल लवकर संपू नये म्हणून चावी बाहेर ओढून ठेवावी, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि त्यांनी ते काटेकोरपणे पाळले होते. हा सल्ला अगदी खोटा नाही. चावी पूर्ण ओढली की सेकंदाचा काटा थांबतो, सर्किट मोटरला ठोके देणे बंद करते आणि सेलवरचा भार बराच कमी होतो. परंतु चावी आत असताना तिच्यातली रबराची रिंग केसच्या नळीत नीट दाबून बसते. चावी ओढलेली असली की ती पकड सैल होते. कोकणातल्या चार पावसाळ्यांची दमट, खारी हवा त्या फटीतून आत जात राहिली; तिचा परिणाम मला घड्याळ उघडल्यावर दिसला.

त्या वर्षी मे महिन्यात बाईंच्या मुलाने घड्याळ दुसऱ्या शहरातील एका दुकानात सेल बदलण्यासाठी दिले. तेथे नवा सेल घातला, पण घड्याळ चालले नाही. दुकानदाराने चावी काढून पाहिली, पुन्हा बसवली आणि शेवटी सर्किट गेल्याचे सांगून संपूर्ण मशीन बदलण्याचा सल्ला दिला. घड्याळ परत आले तेव्हा चावी हातात धरली की दांडीसकट सहज बाहेर येत होती.

अडचण नेमकी काय होती

घड्याळ चालत नाही आणि चावी धरत नाही, अशा दोन तक्रारी माझ्यासमोर होत्या. पहिल्या दिवशी मीही त्यांना दोन वेगळ्या तक्रारी समजलो. चालत नसलेल्या घड्याळात आधी सेल, मग कॉइल (मोटरची तारेची गुंडाळी), मग सर्किट पाहायचे, हा आमचा नेहमीचा क्रम आहे. सेल 1.55 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे तो चांगला होता. कॉइलचा रोध सुमारे दोन किलो-ओहम आला, तोही या प्रकारच्या मशीनमध्ये अपेक्षित असतो तेवढाच. मात्र मशीन क्वार्ट्झ टेस्टरवर, म्हणजे मशीनचा ठोका पकडणाऱ्या उपकरणावर, ठेवले असता एकही ठोका उमटला नाही. स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करून सेकंदाला एक ठोका मोटरला देते. तो ठोका आलाच नाही तर सर्किट मेले असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. आधीच्या दुकानदाराला मी याबाबत दोष देत नाही. त्याच्यासमोर जे होते, त्यावरून तो निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते.

भिंगातून पाहताना दोन गोष्टी दिसल्या. दांडी सोडवण्यासाठी मशीनच्या मागच्या बाजूने सेलजवळ एक लहान भोक असते. त्यातून दांडीला धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरवरचा खोलगट ठिपका दिसतो आणि तो टोकदार साधनाने हलकेच दाबला की दांडी सुटते. या घड्याळात त्या भोकाच्या कडेला ताजा ओरखडा होता आणि ठिपका भोकात दिसतच नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. सेकंदाच्या चाकाला लाकडी काडीने स्पर्श केला तर ते हलत नव्हते, आणि त्याच्या शेजारी सर्किटची एक पातळ संपर्कपट्टी, चावी ओढल्यावर घड्याळ थांबवणाऱ्या स्टॉप लिव्हरच्या टोकाला घट्ट टेकलेली होती. चावी पूर्ण ओढल्यावर ती जशी टेकते, अगदी तशीच. आणि चावी तर टेबलावर बाजूला ठेवलेली होती.

मी टोक काढलेल्या लाकडी काडीने ती पट्टी केसभर बाजूला केली आणि टेस्टरवर दर सेकंदाला ठोका वाजू लागला. काडी काढली की आवाज बंद होत होता. सर्किट जिवंत होते. चावी ओढलेली आहे असे त्याला सांगितले जात होते आणि ते आज्ञेप्रमाणे थांबले होते.

ही यंत्रणा कशी चालते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून होता. दांडीला आतल्या बाजूला एक चौकोनी भाग असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला एक गोल खाच असते. चौकोनी भागावर क्लच नावाचे लहानसे दातेरी नळकांडे सरकते. दांडी फिरली की तेही फिरते, पण दांडीच्या लांबीवर ते मागेपुढे होऊ शकते. दांडीच्या खाचेत सेटिंग लिव्हरचा दात बसतो. चावी ओढली की हा लिव्हर आपल्या खुंटीभोवती वळतो आणि आपल्या नाकाने योक नावाच्या पट्टीला ढकलतो. योकचे बोट क्लचच्या कमरेवरच्या खाचेत असते, त्यामुळे दांडी बाहेर येते तेव्हा क्लच उलट आत सरकतो. पहिल्या खटक्याला तो तारखेच्या चाकाला भिडतो, दुसऱ्या खटक्याला काट्यांच्या चाकाला. याच वेळी सेटिंग लिव्हरचे शेपूट स्टॉप लिव्हरला वळवते, आणि तो सेकंदाचे चाक रोखून सर्किटला थांबण्याची सूचना देतो. खटका बोटाला जाणवतो तो योकला जोडलेल्या पातळ स्प्रिंगमुळे. पाच भाग एकमेकांवर टेकून उभे असतात. एक जागेवरून हलला तर बाकीचे तुटत नाहीत, पण सगळे चुकीच्या जागी जाऊन बसतात.

घडले काय असावे, याचा माझा अंदाज असा. चावी बराच काळ ओढलेल्या स्थितीत राहून दांडी गंजून नळीत चिकटली असावी. या मशीनमध्ये चावी आत असतानाच दांडी सोडवायची असते. ती ओढलेली असताना ठिपका भोकापासून सरकलेला असतो, म्हणून दाब ठिपक्यावर न पडता लिव्हरच्या कडेवर पडला, लिव्हर प्रमाणाबाहेर खाली दबला, आणि योक त्याच्या नाकावरून उडी मारून वर चढला. दांडी निघाली, पण स्टॉप लिव्हर ओढलेल्या स्थितीतच अडकून राहिला. त्यानंतर कितीही सेल बदलले असते तरी घड्याळ चालले नसते.

समोर असलेले पर्याय

मशीन बदलणे हा सर्वांत सोपा पर्याय होता. याच मापाचे नवे मशीन काही शे रुपयांत मिळते आणि काम तासाभरात होते. त्यातल्या अडचणी दोन होत्या. तबकडीचे पाय (तिच्या मागच्या, मशीनमध्ये बसणाऱ्या बारीक खुंट्या) आणि काट्यांची भोके नव्या मशीनशी जुळली नाहीत तर पाय कापून तबकडी चिकटवावी लागते, आणि ते मला कोणत्याही घड्याळाच्या बाबतीत पसंत नाही. शिवाय जे मशीन बिघडलेलेच नाही ते काढून टाकण्याला कारण नव्हते. मी बाईंना हे फोनवर समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “नवं मशीन घालायला माझी हरकत नाही हो, पण जुनं चालणार असेल तर तेच चालू दे. वेळ लागला तरी चालेल.” ही मोकळीक मिळाली नसती तर कदाचित मी मशीन बदलण्याकडेच झुकलो असतो, कारण अशा कामाला जितका वेळ जातो तितके पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत.

दुसरा पर्याय तबकडी न उघडता मागच्या भोकातून लिव्हर जागेवर आणण्याचा होता. काही वेळा दांडी आत सारून, ठिपका हलका दाबून, मशीन उलटेसुलटे करत लिव्हर पुन्हा खाचेत पडतो. मी पूर्वी असे करून वेळ वाचवला आहे. या वेळी योक लिव्हरच्या वर चढलेला असणार हे स्पष्ट होते, आणि वर चढलेली पट्टी दाबाने खाली येत नाही, वाकते. भोकाच्या शेजारीच कॉइल होती. तिची तार केसाहूनही बारीक असते आणि साधन एकदा घसरले तर चांगले सर्किट खरोखरच निकामी झाले असते. म्हणून मी हा मार्ग सोडला.

राहिला तिसरा पर्याय, काटे आणि तबकडी काढून, तारखेची चकती उचलून, यंत्रणा पूर्ण उघडून पुन्हा जोडण्याचा. तोच घेतला. दांडीचे काय करायचे हा प्रश्न मात्र मी त्याच दिवशी सोडवला नाही. तिच्या खाचेच्या कडेला गंजाचे खड्डे होते. नवी दांडी मुंबईहून मागवावी लागणार होती आणि ती यायला आठवडा लागणार होता. जुनी दांडी वापरून यंत्रणा जोडावी आणि नवी आली की बदलावी, असे मी ठरवले. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागेल.

प्रत्यक्ष काम

तबकडीवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून काटे काढले. तबकडी निघाल्यावर तारखेची चकती आणि तिला दाबून ठेवणारी तीन स्क्रूंची पातळ पट्टी दिसली. ही पट्टी सेटिंगच्या कोपऱ्यात किंचित फुगलेली होती, म्हणजे खालून तिला काहीतरी ढकलत होते. चकतीच्या एकतीस दात्यांना धरणारी बारीक स्प्रिंग आधी सोडवली, कारण पट्टी उचलताना ती उडाली तर मजल्यावर शोधत बसावे लागते.

पट्टी उचलली आणि अंदाज बराचसा खरा ठरला. योक सेटिंग लिव्हरच्या नाकावर आडवा चढून बसला होता आणि त्याचे बोट क्लचच्या खाचेतून बाहेर आले होते. क्लच आपल्या खळग्यात तिरका पडला होता. सेटिंग लिव्हर खुंटीवरून अर्धा निसटलेला होता आणि त्याच्या शेपटाखाली स्टॉप लिव्हर दाबला गेला होता. खळग्याच्या तळाशी तांबूस गंजाची पूड होती. तुटलेले काहीच नव्हते.

येथे माझ्याकडून पहिली चूक झाली. भाग ज्या अवस्थेत सापडले त्या अवस्थेचा फोटो मी काढला नाही. सेटिंग लिव्हर उचलून ठेवल्यावर आठवण झाली आणि तोपर्यंत क्लचही चिमट्याबरोबर निघून आला होता. लिव्हर, योक, क्लच हे धातूचे भाग पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतले, खळगा कोरड्या काडीने साफ केला, आणि पेट्रोल कॉइल व सर्किटच्या बाजूला जाणार नाही याची काळजी घेतली. फुगलेली पट्टी सपाट पृष्ठभागावर लाकडाने दाबून सरळ केली.

जोडणीचा क्रम असा ठेवला. प्रथम स्टॉप लिव्हर, त्याचे टोक संपर्कपट्टीपासून दूर आहे हे मागून पाहून. मग क्लच खळग्यात ठेवून त्याच्या चौकोनी भोकातून जुनी दांडी आत सारली. दांडी आत असली की क्लच सरळ राहतो आणि पुढच्या भागांना आधार मिळतो. त्यानंतर सेटिंग लिव्हर खुंटीवर, त्याचा दात दांडीच्या खाचेत आणि शेपूट स्टॉप लिव्हरला लागून. सर्वांत शेवटी योक, कारण ताण त्याच्याच स्प्रिंगमध्ये असतो. योकचे बोट आधी क्लचच्या कमरेत घालायचे, एका काडीने योक खाली दाबून धरायचा आणि दुसऱ्या काडीने स्प्रिंगचे टोक वाकवून तिच्या भिंतीमागे न्यायचे. हे करताना मी मशीनवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरतो, म्हणजे स्प्रिंग सुटली तरी त्याखालीच राहते. लिव्हरचा दात, त्याचे नाक आणि योकचे बोट जेथे घासतात तेथे मोबियस 9501 ग्रीस सुईच्या टोकावर येईल इतकेच लावले. संपर्कपट्टीला ग्रीस लागू दिले नाही.

पट्टीचे तीनही स्क्रू पूर्ण न आवळता चावी ओढून पाहिली. दोन्ही खटके स्वच्छ लागले, दुसऱ्या खटक्याला टेस्टरचा ठोका थांबला आणि चावी आत केल्यावर पुन्हा सुरू झाला. मला काम झाल्याचे समाधान वाटले. मग चावी फिरवली तर मिनिटाचे चाक जागचे हलले नाही, आणि तारखेचे चाकही नाही.

पुन्हा पट्टी काढली. योक जागेवर होता, बोट खाचेत होते, क्लच मागेपुढे सरकत होता, दांडीबरोबर फिरतही होता. वीसएक मिनिटे मी योक वाकला असेल असे समजून त्याच्याकडेच पाहत होतो. शेवटी भिंग बदलून क्लच पाहिला तेव्हा लक्षात आले की त्याचे दाते बाहेरच्या, चावीच्या दिशेला होते. तो मी उलटा घातला होता. कमरेवरची खाच जवळपास मध्यावर असल्यामुळे उलटा क्लचही योकच्या बोटात तितकाच नीट बसतो आणि खटकेही लागतात. फक्त तो ज्या टोकाने चाकाला भिडायचा ते टोक गुळगुळीत असते. भाग सापडतानाचा फोटो असता तर ही वीस मिनिटे वाचली असती.

क्लच सुलटा करून सर्व पुन्हा जोडले. या वेळी स्क्रू आवळण्यापूर्वी प्रत्येक स्थितीत चावी दहा वेळा ओढली, ढकलली आणि फिरवली. नंतर तारखेची चकती बसवली, चावी फिरवत तारीख बदलेपर्यंत नेली आणि तारीख उडाली त्या क्षणी चावी थांबवून तास व मिनिटांचे काटे बारावर बसवले, म्हणजे तारीख मध्यरात्रीच बदलेल. घड्याळ चालू झाले.

निष्पत्ती

नवी दांडी आठव्या दिवशी आली. तिची लांबी या केसला जुळवून घ्यावी लागली. आधी थोडी जास्त ठेवून कापली आणि चावी केसला टेकेपर्यंत टोक थोडेथोडे घासत गेलो. जुनी दांडी काढताना चावी पूर्ण आत असल्याची दोनदा खात्री केली आणि ठिपका भोकाच्या मधोमध आल्यावर तो अगदी हलक्या हाताने दाबला. चावीत नवी रबराची रिंग घालून तिला सिलिकॉन ग्रीस लावले.

मशीन सुमारे सव्वा मायक्रोअँपिअर विद्युतप्रवाह घेत होते. 626 सेलची क्षमता साधारण 28 मिलिअँपिअर-तास धरली तर या दराने तो अडीच वर्षांच्या आसपास पुरावा. पंधरा दिवस दुकानात चालवल्यावर घड्याळ चार सेकंद पुढे होते, जे या वर्गातील मशीनसाठी पूर्णपणे स्वीकारार्ह आहे. बाईंनी घड्याळ नेताना स्वतः चावी ओढून, तारीख बदलून, पुन्हा आत करून पाहिली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा प्रश्न दांडीचा आहे. यंत्रणा उघडी असताना दांडी काढणे आणि घालणे पूर्ण सुरक्षित असते, कारण लिव्हर डोळ्यांसमोर असतो. मी मात्र घड्याळ बंद करून टाकले आणि आठ दिवसांनी ज्या कृतीमुळे हे सगळे बिघडले तीच कृती, भोकातून लिव्हर दाबण्याची, पुन्हा केली. ती नीट झाली, तरी घड्याळ दांडी येईपर्यंत उघडे, झाकणाखाली, भागांच्या डबीसह ठेवायला हवे होते. बाईंना वेळेची घाई नव्हती; घाई माझी होती, कारण काट्यांना पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये असे वाटत होते. नवी दांडी आल्यावर तबकडी पुन्हा काढणे हाही एक मार्ग होता, परंतु काटे दुसऱ्यांदा काढले की त्यांची पकड सैल होण्याचा धोका असतो. तेव्हा योग्य निर्णय पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता.

तपासणीचा क्रमही मी बदलला आहे. सेलनंतर आणि कॉइलच्या आधी आता मी चावीची स्थिती आणि स्टॉप लिव्हर पाहतो. ठोका येत नसेल तर सर्किटला ओढलेल्या चावीची सूचना मिळते आहे का, हे समजायला एक लाकडी काडी आणि दोन मिनिटे पुरतात. कॉइल मोजताना तारेजवळ मीटरच्या सुया न्याव्या लागतात, म्हणून ते काम शक्य तितके उशिरा ठेवणेही बरे. ग्राहकाला विचारायचा प्रश्नही एक वाढला आहे : यापूर्वी कोणी चावी काढली होती का, आणि तेव्हा ती आत होती की ओढलेली? बाईंना हे मी पहिल्याच भेटीत विचारले असते तर कपाटातली गोष्ट तेव्हाच कळली असती. ती मला पैसे घेताना, बोलण्याच्या ओघात कळली.

दांडी कोणत्या स्थितीत सोडवायची हे सर्व मशीनमध्ये सारखे नसते, आणि वर सांगितलेली स्थिती याच मशीनपुरती आहे. उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात ते दिलेले असते. पत्रक हाती नसेल तर ठिपका भोकात पूर्ण दिसतो ती स्थिती योग्य मानावी आणि ठिपका अर्धाच दिसत असेल तर अजिबात दाबू नये, असा नियम मी दुकानातल्या मुलालाही घालून दिला आहे.

घड्याळ ठेवून द्यायचे असेल तर चावी ओढून न ठेवता सेल काढून कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा, हे बाईंना सांगितले. संपलेला सेल आत राहिला तर तो पाझरून सर्किट खातो, हेही सांगितले. त्यांनी विचारले, “मग रोज घातलं तर?” रोज घातले तर यातले काहीच करावे लागणार नाही, असे मी म्हणालो. पट्ट्याला एक भोक जास्त पाडून द्यावे लागले, कारण बाईंचे मनगट बारीक आहे.